दोन मापांचे हात

माझे दोन हात दोन मापांचे झालेत, हे मला सर्वांत आधी साखळी गावातल्या आमच्या शिंप्याने सांगितलं. ब्लाऊजचं माप घेताना त्याने उजव्या दंडाला टेप लावली, डाव्याला लावली, परत उजव्याला लावली आणि वहीत दोन वेगळे आकडे लिहिले. "बाय, उजवी बाही रुंद ठेवूंक जाय," एवढंच तो म्हणाला. निदानाचा दिवस म्हणतात तो माझा असा उजाडला. आरशासमोर, हिरव्या कापडाचे तागे रचलेल्या दुकानात.

त्याआधीच्या दीड वर्षात हा हात सात डॉक्टरांच्या नजरेखालून गेला होता. म्हणजे त्यांनी हाताच्या शेजारचं पाहिलं होतं. मला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, पुढचं सगळं यथासांग झालं. घरी सोडताना जो कागद मिळाला त्यावर तिखट कमी खा आणि अमुक तारखेला या असं लिहिलं होतं. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला द्रव वर चढायची वाट अडते, हात सुजू शकतो, त्या हाताला सुई टोचू नका, ब्लडप्रेशरचा पट्टा लावू नका, कापू-खरचटू देऊ नका, घट्ट काही घालू नका, यातलं अक्षरही त्यावर नव्हतं. मी एकतीस वर्षं हायस्कुलात ग्रंथपाल होते. कागद पाठपोट वाचायची मला सवय आहे. पाठ कोरी होती.

शिंप्याचं माप घेऊन मी मोठ्या इस्पितळात गेले. डॉक्टरांनी हात बोटाने दाबून पाहिला, खळगा पडला, तो भरून येईपर्यंत आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. "लिम्फेडेमा," ते म्हणाले. "होतं असं. आता ह्याच्यासोबत जगायचं. कॅन्सर गेला ना तुमचा?"

हे शेवटचं वाक्य मी पुढे खूपदा ऐकलं. त्याचा अर्थ असा, की तुम्हाला जीव दिलेला आहे, आता वर हात कसला मागता?

तेल

घरात उपचार सुरू झाले ते माझ्या थोरल्या जावेच्या देखरेखीखाली. शालिनीवयनी पाळी गावात आमच्या शेजारच्याच घरात राहते. तिने आयुष्यात वीसेक बाळंतिणी आणि त्यांची पोरं चोळून उभी केली आहेत. सूज म्हणजे चोळायची, हे तिचं शास्त्र. खोबरेल तेल कडकडीत करून ती माझा हात असा रगडायची की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तिला वाटायचं, गुण येतोय. पंधरा दिवसांत हात आणखी फुगला. बोटं मिटेनात. मला पेन धरता येईना, नारळ फोडता येईना, साडीच्या निऱ्या धरता येईनात. उजव्या हाताने जेवणं ही गोष्ट किती मोठी आहे, हे मी चमच्याने भात खाताना शिकले.

आमची मुलगी सिद्धी तेव्हा लग्नाच्या वयाची झाली होती. मुलगा पसंत होता, तारीख ठरायची होती. मी एकच ठरवलं, लग्नात हा हात माझ्या कामाचा असायला हवा. तिच्या डोक्यावर अक्षता मी याच हाताने टाकीन. फार मोठी इच्छा नव्हती.

फलकामागची खोली

शोध सिद्धीनेच लावला. पाऊण तासाच्या बसप्रवासावर एका ट्रस्टचं इस्पितळ आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे या आजारासाठी खास कक्ष उघडला होता. दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटचा फलक, त्यावर सोनेरी अक्षरांत सात नावं. शुभहस्ते कोणाचे, अध्यक्ष कोण, सन्माननीय उपस्थिती कोणाची. आत जी मुलगी सुजलेल्या हातापायांवर काम करते तिचं नाव त्यात नाही. ती कंत्राटावर आहे, आठवड्यातून दोन दिवस. बाकीचे दिवस त्या खोलीत समारंभाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवतात.

ही मुलगी भाग्यश्री. बेळगाव जिल्ह्यातली, तिशीची. तिने माझा हात दहा ठिकाणी टेपने मोजला, आकडे लिहिले आणि विचारलं, "काकू, हे रगडलं कोण ओ?"

मी वयनीचं नाव सांगितलं.

"त्यांस्नी सांगा, कणीक नव्हं ही."

मग तिने मालीश दाखवली. मालीश म्हणायचं म्हणून म्हणायचं. ओल्या पापडावरून हात फिरवावा तशी ती कातडी हलवत होती. आधी मानेपाशी, मग छातीच्या दुसऱ्या बाजूला, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी हात. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागचं पाणी सोडायचं नाही, असं तिचं म्हणणं. त्यानंतर पट्ट्या. प्रत्येक बोटाला वेगळी, त्यावर कापूस, त्यावर फोम, त्यावर कमी ताणाच्या पट्ट्यांचे थर, बोटांपासून काखेपर्यंत. ते सगळं बांधून तसाच हात हलवायचा, मूठ मिटायची-उघडायची, कोपर वाकवायचं. आंघोळीपुरतं सोडायचं, परत बांधायचं. तीन आठवडे रोज. मग मापाचा दाब देणारा मोजा, तो जन्मभर.

"रोज कोण बांधणार? तुम्ही तर दोनच दिवस," मी म्हटलं.

"घरात कोण हाय?"

घरात नवरा होता. तो पाळीच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये फिटर होता. खाण बंद झाली तेव्हापासून घरातल्या नळांशिवाय त्याला दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. त्याने पहिल्या दिवशी पट्टी अशी आवळली की माझी बोटं जांभळी झाली. भाग्यश्रीने समजावलं, दाब बोटांकडे जास्त आणि वर जाताना कमी कमी. तो पट्टी पुन्हा उलगडत म्हणाला, "म्हणजे पंपाकडे प्रेशर, सुटते बाजूक कमी. मग सरळ सांगा." त्या दिवसापासून त्याने चुकीची पट्टी बांधली नाही. माझ्या आजारात द्रव कसा वाहतो हे नीट कळलेला पहिला माणूस डंपर दुरुस्त करणारा होता.

तीन आठवड्यांत हात उतरला. पूर्ण नाही, पण पेन धरता आलं. चमचा मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

योद्धा

त्याच सुमारास ट्रस्टने कॅन्सरमधून वाचलेल्या बायकांचा सत्कार केला. आम्ही सगळ्या योद्धा आहोत असं व्यासपीठामागच्या कापडावर लिहिलं होतं. मी कोणाशी लढल्याचं मला आठवत नाही. मी पडून होते, लोक माझ्यात सुया टोचत होते. शाल घातली, नारळ दिला, आणि वीतभर उंचीचं पितळी मानचिन्ह दिलं, तेही उजव्या हातात. पाहुण्यांचं भाषण सुरू असताना माझी नजर खुर्च्यांवर होती. त्या दिवशी शुक्रवार होता, भाग्यश्रीचा दिवस. खुर्च्या समारंभात आल्या म्हणजे खोली रिकामी असायला हवी होती. खोलीत जेवणाची ताटं लावली होती. भाग्यश्री बाहेर बाकावर बसली होती आणि तिच्याशेजारी पाय सुजलेले दोन म्हातारे.

संचालकबाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, सकारात्मक बोला असंही कानात सांगितलं. मी माईकवर एवढंच विचारलं, की जेवण झाल्यावर खोली मिळेल का. टाळ्या पडल्या. प्रश्न कोणी ऐकला नव्हता.

चुडा

आता मुख्य गोष्ट लिहायची आहे आणि इथे राग दुसऱ्या कोणावर काढता येत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी घरी चुडा भरतात. काकणकार घरी येतो, आधी नवरीला हिरव्या काचेची काकणं भरतो, मग तिच्या आईला, मग घरातल्या सगळ्या सुवासिनींना. आमच्याकडे डिचोली बाजारातला रघू काकणकार येतो. माझ्या लग्नात त्याच्या बापाने मला भरली होती. नवऱ्यामुलाकडच्या दोन आत्याही त्या दिवशी कौतुकाने येऊन बसल्या होत्या.

माझ्या उजव्या हातात मोजा होता. मी म्हटलं, मी डाव्याच हातात भरीन. मग शालिनीवयनी हळू आवाजात म्हणाली, "अगे, आवयच्या एका हातात चुडो? पयल्या दिसा अपशकून कित्याक करता?" मी म्हटलं, डॉक्टरने नको सांगितलंय. सांगितलं होतं भाग्यश्रीने, पण डॉक्टर म्हटलं की वजन येतं. एक आत्या म्हणाली, एका दिवसाने काय होतंय. दुसरीने फक्त माझ्या मोज्याकडे पाहिलं. सिद्धी "आई, नको भरू" म्हणाली. तिचे दोन्ही हात भरलेले होते आणि ती नवरी होती, नवरीचं त्या दिवशी कोण ऐकतं?

मी एकतीस वर्षं पोरांना अंधश्रद्धेवरची पुस्तकं काढून दिली. शाळेत त्यावर दोनदा बोललेही. आणि मी मोजा उतरवला. देवाला भिऊन नव्हे. दोन अनोळखी बायकांसमोर माझ्या मुलीची आई विचित्र दिसू नये म्हणून.

रघू हुशार आहे. साबणाचा हात लावून, अंगठ्याखालचं मांस दाबून, हाडं एकावर एक सरकवून तो हात काकणाएवढा करतो. उजव्याला त्याने साबण जास्त लावला. चौथं काकण चढताना तडकलं आणि मनगटाशी कातडीला बारीक रेघ उमटली. काकण फुटलं असं त्या दिवशी म्हणायचं नसतं, वाढलं म्हणतात. सगळ्यांनी ते पटकन पदराआड केलं. रघूने नवं काकण भरलं. रेघेकडे कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

दुपारी जेवताना मला हुडहुडी भरली. चार वाजता हात कोपरापर्यंत लाल झाला होता, गरम, आणि काकणं मांसात बुडायला लागली होती. नवरा पक्कड घेऊन आला. वयनी दारात आडवी उभी राहिली. लग्न लागेपर्यंत चुडा फोडायचा नाही, ती रडत म्हणत होती, पोरीच्या संसाराचा विचार करा. तिला खरंच भीती वाटत होती, हे मला तापातही दिसत होतं.

माझा नवरा कधी थोरल्या वयनीला उलटून बोलला नाही. त्या दिवशी म्हणाला, "वयनी, बाजूक जा. नाय तर तिचो हात कापचो पडतलो."

त्याने माझ्या पट्ट्यांतला फोमचा तुकडा काकणांखाली सरकवला आणि एकेक काकण पकडीने दाबून तोडलं. काच कातडीला लागू दिली नाही. सिद्धी माझं डोकं धरून बसली होती. तिच्या हातातली काकणं माझ्या कानाशी वाजत होती.

लग्न

इस्पितळात कळलं, हाताच्या कातडीत जंतूंचा संसर्ग पसरला होता. या आजारात एवढ्याशा रेघेतून हे होतं, आणि झालं की हात पुन्हा पहिल्यासारखा उतरत नाही. ज्युनियर डॉक्टर सलाईनसाठी उजव्या हातातच शीर शोधू लागला. मी डाव्या हाताने त्याची सुई अडवली. तो म्हणाला, डाव्या शिरा किमोने गेल्यात. मी म्हटलं, मग पायात शोध. तो चिडला. मला बरं वाटलं, एक तरी माणूस माझ्या हातावरून चिडला.

लग्न पुढे ढकलू नका असं मीच सांगितलं. नवऱ्याला मीच पाठवलं. कन्यादानाला जोडपं लागतं म्हणून आमच्या जागी थोरले दीर आणि शालिनीवयनी बसले. मी सगळं पाहिलं, फोनवर. एका परिचारिकेने फोन धरला होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिला दुसऱ्या पेशंटने हाक मारली, तिने फोन माझ्याशेजारी आडवा ठेवला आणि उरलेलं लग्न मला काचेत पडलेल्या छताच्या पंख्यासकट दिसलं. अक्षता टाकायच्या वेळी माझा उजवा हात उशीवर होता, पिकल्या अननसाएवढा.

तिसऱ्या दिवशी वयनी भेटायला आली. डब्यात पेज आणि खारवलेली कैरी होती. तिने पेज वाटीत ओतून दिली. मग म्हणाली, "तुवें तरी घट्ट ना म्हणपाचें न्ही गे."

मी ना म्हटलं होतं. पण घट्ट म्हटलं नव्हतं, हे खरं. त्या पेजेचा मला अजून राग येतो, कारण ती चांगली झाली होती आणि मी सगळी प्याले.

इस्पितळातून सुटल्यावर भाग्यश्रीने पट्टी सोडून हात दाबून पाहिला. आता खळगा पडत नव्हता, आतलं घट्ट झालं होतं. तिने आकडे लिहिले, आधीच्या आकड्यांशेजारी. "काकू," ती म्हणाली, "पहिल्यापासनं सुरू करूया. पण पहिल्याइतका उतरायचा न्हाई, हे आत्ताच सांगते." या सगळ्या काळात मला खरं सांगणारं ते पहिलं वाक्य होतं. मी तिच्यासमोर रडले नाही, बसमध्ये रडले.

बाजार

दोन महिन्यांनी मी डिचोली बाजारात रघूच्या दुकानात गेले. भांडायला गेले होते, लपवत नाही. पट्ट्या बांधलेला हात मी त्याच्या काचेच्या पेटीवर ठेवला आणि बोलायचं ते बोलले.

रघूने ऐकून घेतलं. मग असे हात रोज पाहत असल्यासारखं म्हणाला, "बाय, असले हात मी खूब पळयतां. एक बारीक, एक मोटो. साबण जास्त लायतां आनी भरतां."

"किती?"

"मोजूंक ना. लग्नाच्या दिसांनी दर गावांत एक तरी मेळटा. पेडण्याकडेन पसून."

"आणि विचारत नाहीस, काय झालं म्हणून?"

"बायलमनशेक विचारप बरें दिसता?" मग त्याने मलाच विचारलं, "विचारूं जाल्यार किते विचारूं?"

माझा राग तिथेच थांबला असं नाही, पण त्याला करायला काम मिळालं. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांतल्या विवाहित बायकांचे दोन्ही हात एका वेळी हातात घेणारा माणूस हा एकच आहे. कोणी डॉक्टर घेत नाही, कोणी सर्वेक्षणवाली घेत नाही. हा प्रत्येक हाताचा घेर बोटांनी ओळखतो, आणि आजवर त्याचा उपयोग साबण किती लावायचा यापुरता झाला.

मी त्याला तीन प्रश्न शिकवले. ऑपरेशन झालंय का, काखेतलं काही काढलंय का, हात संध्याकाळी जड होतो का. हो म्हटलं तर त्या हातात काकण भरायचं नाही. "सांगतले कोण?" त्याने विचारलं. "म्हाताऱ्यो बायलो माका मारतल्यो." मी म्हटलं, तूच सांग, एका हातातला चुडाही चालतो. काकणकाराने सांगितलं तर चालेल. मी डॉक्टरचं नाव सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. तो पेटीतली काकणं लावायला लागला. मग म्हणाला, तुमच्या इस्पितळाचा पत्ता कागदावर लिहून द्या. लिहिणं मला जमत नाही.

जुन्या ग्रंथसूचीच्या कोऱ्या चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या. मी उजव्या हाताने लिहिल्या, एका बैठकीत सहा, नंतर बोटं थकायची. वार, वेळ, बस कुठून, खोली कोणती. फलकावरचं काहीच लिहिलं नाही.

हे वाचणाऱ्यांत कोणाचं नुकतंच काखेतल्या गाठींचं ऑपरेशन झालं असेल तर टेप घ्या आणि दोन्ही दंड मोजा. आज, आणि दर महिन्याला. सुजायची वाट पाहू नका. रगडू देऊ नका. आणि ना म्हणाल ते घट्ट म्हणा. माझं पाहा.

गेल्या मंगळवारी मी पट्टी बदलायला गेले तेव्हा नोंदणीच्या खिडकीपाशी एक बाई उभी होती. पेडण्याहून दोन बस बदलून आलेली, चाळिशीची, उजव्या हाताला पदर गुंडाळलेला, डाव्या मनगटात हिरवी काकणं. पुतणीचं लग्न होतं, तिने मला नंतर सांगितलं. खिडकीतला कारकून तिला परत पाठवत होता, कारण अर्जात पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव हा रकाना रिकामा होता आणि तिच्याकडे पत्र नव्हतं, फक्त एक चिठ्ठी होती.

मी अर्ज ओढून घेतला आणि रकाना भरला. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. रघू काकणकार, डिचोली बाजार.

कारकुनाने दोनदा वाचलं. "हा डॉक्टर नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "शिक्का मारा."